बाहेरून आलेला कोपरारक्षक

महाविद्यालये उघडली की दोन याद्या तयार होऊ लागतात. एक प्रवेशाची, ती सूचनाफलकावर लागते आणि तिच्यावरून वादही होतात. दुसरी यादी क्रीडा संचालकांच्या टिपणवहीत असते. ती कोठेही लागत नाही, पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. गतवर्षीचे कोण उरले, कोण पदवी घेऊन गेले, कोणाचे वय उलटले याचा हिशेब त्या वहीत मांडला जातो. आणि हिशेबाअंती जो रकाना रिकामा राहतो तो बहुधा कबड्डीतील कोपरारक्षकाचा असतो. चढाई करणारे चपळ तरुण गावोगाव सापडतात. कोपरा सांभाळणारा, संयमी आणि चार स्पर्धा पाहिलेला खेळाडू मात्र दुर्मिळ असतो. मग दुसऱ्या महाविद्यालयातील असा एखादा खेळाडू आपल्याकडे प्रवेश घेण्यास तयार आहे काय, याची चौकशी सुरू होते.

वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटेल. वस्तुतः तिच्यात शिक्षणसंस्थेचा हेतू, खेळाचा न्याय आणि ग्रामीण विद्यार्थ्याचे भवितव्य असे तीन प्रश्न गुंतलेले आहेत. तेव्हा तिचा थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट ठरेल.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. आपल्या फुटबॉलशी त्या खेळाचे साम्य नावापुरतेच. तेथे चेंडू हाती घेऊन पुढे सरकायचे असते आणि अकरा जणांपैकी पाच जणांची एक भिंत आघाडीला उभी असते. या आक्रमणफळीतील खेळाडूंना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकारही सामान्यतः नसतो. प्रतिपक्षाच्या धडका अंगावर घ्याव्यात, मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला दोन-तीन क्षणांची उसंत मिळवून द्यावी, एवढेच त्यांचे काम. प्रेक्षक त्यांची नावे ध्यानात ठेवत नाहीत; परंतु ही भिंत खचली तर नामवंत क्वार्टरबॅकही निष्प्रभ होतो. अशी भिंत होण्यास देहाला बळ यावे लागते आणि पाच जणांच्या हालचालींत एकवाक्यता यावी लागते. दोन्हींना वर्षे लागतात. म्हणूनच तेथील महाविद्यालये या फळीसाठी नवख्या मुलापेक्षा अन्यत्र दोन-तीन वर्षे खेळून आलेला गडी पसंत करतात.

पूर्वी असे महाविद्यालय बदलणे सोपे नव्हते. मूळ महाविद्यालयाची संमती लागे, आणि बदलल्यावर साधारणपणे एक वर्ष मैदानाबाहेर बसावे लागे. २०१८ मध्ये ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नावाची नोंदणी सुरू झाली आणि संमतीची अट गेली. २०२१ मध्ये पहिल्या बदलानंतर ताबडतोब खेळण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांपुरते, कितीही वेळा बदलण्याचे स्वातंत्र्य आले. त्याच सुमारास पैसाही आला. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करण्याची परवानगी मिळाली, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार एकेका महाविद्यालयाला आपल्या खेळाडूंमध्ये वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटता येऊ लागली. विद्यार्थी कोठे संपतो आणि व्यावसायिक कोठे सुरू होतो, हे सांगणे तेथे आता कठीण झाले आहे.

साखळीचे मर्म

आपल्या कबड्डीत आक्रमणफळीचे काम बचावाची साखळी करते. मैदानावरील सात जणांत दोन कोपरे असतात. त्यांच्या आतल्या बाजूस मध्यरक्षक असतात. चढाईपटू आत येतो तेव्हा कोपरारक्षक त्याला किंचित जागा देऊन भुलवतो, आणि घोट्याला पकड बसताच मध्यरक्षक त्याची परतीची वाट बंद करतो. या दोन कृतींत निमिषाचे अंतर पडले तरी साखळी फुटते आणि एका गुणाऐवजी दोन-तीन गुण गमवावे लागतात. पकडीचे बळ दंडात असते; तिची वेळ मात्र अनुभवातून कळते. चढाईची चमक सतराव्या वर्षी दिसू शकते. केव्हा झेप घ्यायची नाही, हे कळायला आणखी काही वर्षे जावी लागतात. क्रीडा संचालकांच्या वहीतील तो रकाना रिकामा राहतो याचे कारण हे आहे.

अनुभवी बचावपटू संघात येण्याने काय घडते, याचे ताजे उदाहरण प्रो कबड्डी लीगमध्ये आहे. पुणेरी पलटण संघाने २०२३ च्या लिलावात इराणचा मोहम्मदरेझा शादलू याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले आणि त्या हंगामात पुण्याला पहिले विजेतेपद मिळाले. पुढील वर्षी तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला. विजेतेपद हरियाणाकडे गेले. यावरून एका माणसाने संघ जिंकतो असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्यालाच २ कोटी २३ लाखांना घेतले, आणि त्या वर्षी विजेतेपद दबंग दिल्लीने पटकावले. पुण्याच्या संघात असलम इनामदार, आकाश शिंदे, मोहित गोयत हे तरुण आधीपासून एकत्र खेळत आले होते. शादलू त्या घडलेल्या साखळीत येऊन बसला. साखळी तयार असेल तर बाहेरची कडी तिला बळकटी देते. साखळीच नसेल तर कडी कितीही भक्कम असली तरी ती एकटीच राहते.

अर्थात लीग हा व्यवहार आहे, आणि त्यात लपवाछपवी नाही. महाविद्यालय हा व्यवहार नव्हे. तेथे संघ जिंकावा अशी इच्छा असणे स्वाभाविक आहे; पण संघ कशासाठी आहे, हा प्रश्न तेथे अधिक मोलाचा आहे.

छोट्या तालुक्याचे गणित

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळचे उदाहरण घ्या. १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झालेले हे गाव. एका बाजूस निलंगा, दुसऱ्या बाजूस उदगीर, आणि शिक्षणाची पेठ म्हणून राज्यात नाव मिळवलेले लातूर फार दूर नाही. साकोळ, उजेड यांसारख्या गावांतून मुले-मुली शिकण्यास येतात. सोयाबीन आणि तुरीच्या शेतीवर चालणाऱ्या घरांतील ही मुले. कबड्डी हा त्यांचा स्वाभाविक खेळ, कारण त्याला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही. मोकळी जागा आणि चौदा जण असले की झाले. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि मातीवर तयार झालेल्या मुलाला मॅटवर पाय रोवायला वेळ लागतो, ही अडचण आहेच. तरीही येथील मुलाला नाव मिळवण्याचा जो एक मार्ग खुला आहे, तो याच खेळाचा.

या मार्गाचे टप्पे ठरलेले आहेत. प्रथम महाविद्यालयाचा संघ. मग १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा संघ. मग पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्यासाठी खेळाडू नियमित विद्यार्थी असावा आणि त्याचे वय पंचवीस वर्षांच्या आत असावे, असे दंडक आहेत. या वाटेने वर चढलेल्याला पुढे रेल्वे, पोलीस यांसारख्या खात्यांची दारे उघडू शकतात; राज्याच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तेव्हा संघातील बारा जागांपैकी एक जागा म्हणजे केवळ गणवेश नव्हे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने ती नोकरीच्या जिन्याची पहिली पायरी असते. बाहेरून एक अनुभवी खेळाडू आला की त्या पायरीवरून कोणीतरी एक खाली उतरतो. तो कोण, आणि त्याला आपण काय सांगतो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर दिले जाते: बाहेरच्यांना बंदी करा. हे उत्तर टाळ्या मिळवणारे असले तरी न्याय्य नाही. विद्यार्थी महाविद्यालय बदलतो त्याला पुष्कळ रास्त कारणे असतात. हवा तो विषय पहिल्या ठिकाणी नसतो. पदवी मिळाल्यावर पदव्युत्तर वर्ग दुसऱ्या गावी असतो. वडिलांची बदली होते. वसतिगृहात जागा मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची पेढी अस्तित्वात आली असून एका संस्थेतील श्रेयांक दुसरीकडे नेणे तत्त्वतः सुलभ झाले आहे. याचा अर्थ असा की विद्यार्थ्यांची ये-जा यापुढे वाढतच जाणार. परभणीहून किंवा हिंगोलीहून आलेला विद्यार्थी शुल्क भरतो, तासांना बसतो, परीक्षा देतो. मग मैदानाच्या कडेला त्याला परका ठरवणे कोणत्या तर्काने योग्य?

शिवाय बंदीचा विचार करताना छोट्या तालुक्याने आपलाच हिशेब तपासावा. शिरूर अनंतपाळसारख्या ठिकाणी बाहेरून येणारे थोडे, बाहेर जाणारे पुष्कळ. शाळेपासून ज्याला मातीत घडवले, ज्याच्यासाठी एखाद्या शिक्षकाने संध्याकाळी घरी जाणे लांबवले, तो मुलगा नेमका पक्व होतो तेव्हा मोठ्या शहरातील महाविद्यालय त्याला घेऊन जाते. तेथे वसतिगृह असते, मॅट असते, आहाराची सोय असते. तो गेला याबद्दल त्याला दोष देता येत नाही. परंतु चषकावर नाव कोरले जाते ते शहरातील संस्थेचे. ज्या मैदानावर तो पहिल्यांदा घोट्याची पकड शिकला त्या मैदानाचे नाव कोठेही येत नाही. अमेरिकेतील छोटी महाविद्यालये आज हीच तक्रार करीत आहेत: आम्ही घडवतो, मोठे नेतात.

जागतिक फुटबॉलने या अन्यायावर एक उपाय शोधून काढला आहे. व्यावसायिक खेळाडू पैसे मोजून एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला, तर त्या रकमेपैकी पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा, वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवले, त्यांच्यात वाटला जातो. आपल्या महाविद्यालयांत रकमेचा प्रश्न नाही, नसावाही. परंतु त्यामागील तत्त्व घेता येईल. विद्यापीठाच्या खेळाडूच्या नोंदीत त्याचे पहिले महाविद्यालय आणि शाळा यांची नावे असावीत. आणि मॅट, साहित्य, क्रीडा अनुदान यांचे वाटप करताना त्या नोंदी विचारात घ्याव्यात. घडवणाऱ्याचे ऋण मान्य झाले तर घडवण्याचा उत्साह टिकेल.

दोन क्रिकेट संघांची साक्ष

बाहेरचा अनुभवी खेळाडू घेऊन संघ कसा उभारावा आणि कसा उभारू नये, याची साक्ष भारतीय क्रिकेटच्या इतिहासातच आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी मोठ्या आस्थेने संघ उभा केला. नागपूरचे सी. के. नायडू त्याचे कर्णधार होते, इंदूरचेच मुश्ताक अली होते. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही होळकर संघाकडून खेळला. या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. पुढे संस्थानी आश्रय संपला आणि १९५५ नंतर संघही उरला नाही. त्या प्रदेशात पुन्हा करंडक आला तो २०२२ मध्ये, मध्य प्रदेशच्या रूपाने. या वेळी बाहेरून आलेला माणूस होता तो प्रशिक्षक, मुंबईचे चंद्रकांत पंडित. त्यांनी राज्यातील मुले घडवली. मधली जवळजवळ सत्तर वर्षे आपल्याला काही सांगत आहेत. ज्या वैभवाची मुळे आश्रयात असतात ते आश्रयाबरोबर जाते.

विदर्भाची कथा याहून निराळी. अनेक दशके दुर्लक्षित राहिलेल्या या संघाने मुंबईचा अनुभवी सलामीवीर वसीम जाफर याला पाहुणा खेळाडू म्हणून घेतले, पंडित यांना प्रशिक्षक नेमले, आणि २०१७-१८ व २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. जाफर चाळिशीचा होता. २०१८-१९ च्या हंगामात त्याने हजारांवर धावा केल्या. परंतु कर्णधार नागपूरचा फैज फजल होता, आणि पहिल्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात त्रिक्रम केला तो विदर्भाच्याच रजनीश गुरबानीने. २०२४-२५ मध्ये तिसरे विजेतेपद आले तेव्हा पाहुणा होता कर्नाटकाचा करुण नायर. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाचे तीन गडी २४ धावांत परतले होते. तेव्हा नायर आणि नागपूरचा तरुण दानिश मालेवार यांनी दोनशेंहून अधिक धावांची भागी केली. नायर ८६ वर बाद झाला. मालेवारने १५३ केल्या. अनुभवी माणसाचे संघातील खरे स्थान त्या भागीत दिसते. पडझडीत तो दुसऱ्या टोकाला उभा राहिला आणि त्याच्या आधाराने घरचा मुलगा मोठा झाला.

पाहुण्या खेळाडूंच्या संख्येवर क्रिकेटमध्ये मर्यादा आहे, हेही विसरता कामा नये. एका संघाला अशा तीनच खेळाडूंना घेता येते. स्वातंत्र्य आहे, पण ते अमर्याद नाही.

विद्यार्थी की हत्यार?

या अनुभवाच्या आधारे महाविद्यालयांनी काही कसोट्या स्वतःहून लावून घ्याव्यात. पहिली कसोटी अशी की आलेला खेळाडू खरोखर विद्यार्थी आहे काय? प्रवेशपत्र आहे, ओळखपत्र आहे, पण वर्गात त्याला कोणी पाहिलेले नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो बसमधून उतरतो आणि बक्षीस समारंभानंतर निघून जातो, असे प्रकार घडतात, हे प्राध्यापकांना ठाऊक आहे आणि लिपिकांना त्याहून अधिक ठाऊक आहे, कारण हजेरीपट त्यांच्या हाताखालून जातो. असा विजय म्हणजे भाड्याचा विजय. त्यात त्या खेळाडूचेही नुकसान आहे. पंचविशीनंतर मैदान सुटते तेव्हा त्याच्या हाती प्रमाणपत्रांची चळत असते आणि शिक्षण मात्र झालेले नसते.

दुसरी कसोटी, तो सराव कोणाबरोबर करतो? संघात न निवडलेल्या पाच-सात मुलांसह रोज मैदानावर येणारा, प्रथम वर्षाच्या मुलाला पायाची ठेवण दाखवणारा खेळाडू महाविद्यालयाला मिळाला, तर तो पदकाहून अधिक मोलाचा आहे. अनुभव ही वाटल्याने वाढणारी संपत्ती आहे. परंतु ती वाटण्याची व्यवस्था करावी लागते. तिसरी कसोटी मर्यादेची. बारा जणांत असे दोनच असावेत असा संकेत संस्थेने स्वतः पाळावा. दोन जणांपासून इतर दहा जण शिकतात. आठ जण आले तर शिकणारा कोणी उरत नाही.

आणि ज्या मुलाचा कोपरा गेला त्याला क्रीडा संचालकांनी स्वतः बोलावून सांगावे. संघाची यादी भिंतीवर लावून मोकळे होणे सोपे आहे. तुझी उंची आणि दंडाचे बळ पाहता तू मध्यरक्षक म्हणून अधिक शोभशील, हे काम शिकायला तुला वर्ष आहे, आणि हा नवा गडी ते तुला शिकवणार आहे, असे समोर बसून सांगणे अवघड असते. पण शिक्षक म्हणवून घेणाऱ्याला ते टाळता येणार नाही. साखळीत हातात हात घेऊन उभे राहायचे असते. ज्याच्या मनात अढी आहे त्याचा हात ऐन क्षणी सैल पडतो.

या चर्चेत एका घटकाचा उल्लेख क्वचितच होतो. मराठवाड्यात विद्यार्थिनी महाविद्यालय बदलते ती पुष्कळदा लग्नामुळे. दोन वर्षे विद्यापीठ पातळीवर खेळलेली मुलगी सासरच्या तालुक्यात येते. तिचा प्रवेश कधी होतो, कधी होत नाही. झाला तरी मैदानाचा विषय घरात निघत नाही आणि महाविद्यालयही तो काढत नाही. मुलांच्या संघासाठी शेजारच्या जिल्ह्यात निरोप धाडणारी संस्था, आपल्याच वर्गात बसलेल्या या अनुभवी खेळाडूची विचारपूस करीत नाही. तिच्या घरी जाऊन दोन शब्द बोलण्याचे काम एखाद्या प्राध्यापिकेने केले, सरावाची वेळ तिला सोयीची ठेवली, तर मुलींचा संघ बळकट होईलच; त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका मुलीचा खेळ आणि कदाचित शिक्षणही मध्येच तुटणार नाही. स्थलांतरित खेळाडूंविषयी आपण इतके बोलतो, तर सुरुवात या मुलींपासून व्हावी.

अमेरिकेतील महाविद्यालये पैशाच्या प्रवाहात कोठवर वाहत जातील हे तेथील लोक पाहून घेतील. आपल्याकडे तो प्रवाह अद्याप महाविद्यालयाच्या फाटकाशी थांबलेला आहे. चषकाचा मोह मात्र केव्हाच आत आला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील चषक दुसऱ्या वर्षी दुसऱ्याकडे जातो, आणि कपाटातील चांदीवर धूळ बसते. एक अनुभवी गडी वर्षभर राहून पाच मुलांना पकड शिकवून गेला, तर त्या पाच जणांनी पुढे पन्नास जणांना शिकवावे, असा खेळाचा वंश चालतो. बाहेरून आलेल्या खेळाडूचे स्वागत अवश्य करावे. मात्र तो जाईल तेव्हा मागे काय राहील, हे प्रवेशाच्या दिवशीच त्याला आणि स्वतःला विचारून ठेवावे.